फॉल-पिकोवाल्या काकूंना, एका किल्लीबद्दल

काकू,

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही माहितीय, तुमचा फोन बटणाचा. सूनबाई वाचून दाखवेल आणि मधेच तुम्ही म्हणणार "बास कर गं, हितं धागा तुटलाय". तरी लिहितेय, कारण समोर येऊन थँक्यू म्हटलं की तुम्ही चहा टाकायला उठता आणि विषय तिथंच संपतो. आणि दुसरं म्हणजे हे चारचौघींनी वाचावं असं मला वाटतंय, दुकानात उभं राहून काम करणाऱ्या प्रत्येकीनं तर नक्कीच.

सांगलीत कापड पेठेतल्या त्या साडीच्या दुकानात मी चार वर्षं काढली. नाव घेत नाही, पगार वेळेवर द्यायचे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवसभरात पन्नास वेळा "ताई पाणी देऊ का" म्हणत ट्रे फिरवायचा आणि स्वतः मात्र घरातनं निघताना प्यालेला अर्धा पेला रात्री साडेआठपर्यंत पुरवायचा, हे आमचं रोजचं. बाथरूम नव्हती असं नाही. होती की, तिसऱ्या मजल्यावर गोडाऊनच्या पलीकडं, दाराला कडी नाही म्हणून आतनं एका हातानं दार धरून बसायचं, आणि किल्ली गल्ल्यावर. गल्ल्यावर जाऊन चार गडी माणसांदेखत किल्ली मागायची, वर "आत्ता तर गेलतीस" ऐकायचं. लग्नसराईत तर सोयच नाही, बस्ता बांधायला अख्खं गाव आलेलं, नवरीची आत्या एक म्हणते, मामी दुसरं म्हणते, गादीवर चाळीस साड्या उलगडलेल्या, त्यातनं उठणार कशी? मग आम्ही सगळ्या पोरींनी एकच उपाय केलेला, पाणीच प्यायचं नाही. कुणी कुणाला शिकवलं नाही हां हे. नवीन पोरगी आठवड्याभरात आपोआप शिकायची.

एका वर्षात तीनदा युरिन इन्फेक्शन झालं मला. जळजळ, थंडी वाजून ताप, पाच दिवसाच्या गोळ्या, परत दोन-तीन महिन्यांनी तेच. डॉक्टर दर वेळी सांगायचे पाणी भरपूर प्या, मी दर वेळी हो म्हणायचे. फोनमध्ये ते आठवण करणारं ॲप पण टाकलं, दर तासाला थेंब पडल्याचा आवाज यायचा. एकदा शालू दाखवताना वाजलं तर गिऱ्हाईक वर छताकडं बघायला लागलं गळतंय का म्हणून. त्याच रात्री काढून टाकलं. घरचे म्हणायचे तुला शिस्त नाही, मला पण तसंच वाटायचं. खरं कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं, सांगण्यासारखं आहे असंच वाटत नव्हतं.

तुम्हाला पण सांगितलं नव्हतं काकू. त्या दिवशी सहा साड्या फॉल-बीडिंगला टाकायला आलते, एका पायावरनं दुसऱ्या पायावर करत उभी होते आणि तुम्ही मशीनवरनं मान वर न करता म्हणालात, "आत जा. उजव्या हाताला हाय." मी नको नको करायला लागले तर म्हणालात, "नको काय नको, तुझं तोंड सांगतंय." बाहेर आले तेव्हा किल्ली तयारच होती. मागच्या बोळातल्या दाराची, तिला फॉलची उरलेली पट्टी बांधलेली, राणी कलरची, आणि त्या पट्टीला पण तुम्ही कडेनं पिको केलेला! "ही ठेव. मला विचारायचं न्हाई. येतीस जातीस, एवढंच."

किल्ली बांगड्यांबरोबर मनगटाला अडकवून मी दुकानात आले आणि आल्या आल्या दोन पेले पाणी प्याले. कुणीही प्या न म्हणता.

बाटलीची आयडिया पण तुमचीच. मी सांगलीवाडीची, रोज कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरनं येणारी. पावसाळ्यात आमच्याकडं झोपेतनं उठवून विचारलं तरी लोक पाणी किती फूट आहे ते सांगतील. ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला तर ५७ फुटांवर गेलतं. तुम्ही माझी लिटरची बाटली घेतली आणि मार्करनं दोन रेघा मारल्या. वरच्या रेघेला लिहिलं इशारा, खालच्या रेघेला धोका, मग डोक्याला हात लावून म्हणालात अगं हे उलटं झालं की, नदीचं पाणी चढलं की धोका, तुझं उतरलं नाही की धोका. मग खोडून परत लिहिलं. दुपारी बाराला पाणी खालच्या रेघेच्या वर असलं तर इशारा, दोनला वरच्या रेघेच्या वर असलं तर धोका, सरळ जेवण बाजूला ठेवायचं आणि आधी पाणी. संध्याकाळी परत भरून तेच. दुकानातल्या पोरी विचारायच्या आज पातळी किती, आणि मी सांगायचे "सोडलंय धरणातनं, उतरतंय."

अजून एक तुम्ही म्हणालेलात ते मला लागलं होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेतनं लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या खेपेला १० टाक्यांतनं ५ लाख लिटर, "आणि तू कृष्णाकाठची असून कोरडी." हसत म्हणालात, पण म्हणालात.

माझी पोरगी मिरजेत नर्सिंग करते, तिला हे सगळं सांगितलं तर तिनं तिच्या अभ्यासातलं एक दाखवलं. २०१८ ला छापून आलेला प्रयोग, वारंवार असं इन्फेक्शन होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका, निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर जास्त प्यायला लावलं, वर्षभर. त्यांना सरासरी १.७ वेळा झालं आणि बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे निम्म्यावर आलं की जवळजवळ. मी तिला विचारलं त्या बायकांच्या कामाच्या ठिकाणी बाथरूम होती का ते लिहिलंय का, तर म्हणते आई ते कशाला लिहितील. तुमची किल्ली कुठल्या अभ्यासात बसवायची मग?

तिनंच सांगितलं की सवय २१ दिवसात लागते वगैरे काही खरं नाही, लंडनमध्ये ९६ जणांवर बघितलं तर सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ पर्यंत जातील असा हिशोब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर बिघडत नाही म्हणे. मला बरं वाटलं, कारण मी पाडव्याला सुरू केलं आणि नागपंचमीपर्यंत अधनंमधनं बाटली घरीच विसरायचे. रोज जे करतोच त्याला जोडायचं एवढंच जमलं मला. गिऱ्हाईक उठलं, साड्यांच्या घड्या घातल्या, की चार घोट. पूर्वी त्या वेळी आम्ही गिऱ्हाइकाला नावं ठेवायचो, आता पाणी पिऊन ठेवतो. आणि रंगाचं तुमचं वाक्य, "हळद मार्केट यार्डात शोभते, लघवीत न्हाई," ते मी पोरीला सांगितलं तर ती म्हणाली आमच्या मॅडमना सांगते, यापेक्षा सोपं कुणी शिकवणार नाही.

एक सांगायचं राहिलं. तुमच्याकडं आत येता-जाता काकांचा तो झाकणाचा स्टीलचा तांब्या दिसायचा, हार्टच्या डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलंय म्हणून सकाळीच भरून ठेवलेला, त्याच्या वर एक घोट नाही. मी बाटली रिकामी करून दाखवायला यायचे आणि ते कॉटवरनं बघत म्हणायचे "माझ्या वाटणीचं पण पी." मला लाज वाटायची ओ. म्हणून कुणी विचारलं किती प्यायचं तर मी लिटर सांगत नाही, ज्याच्या त्याच्या डॉक्टरला विचारा म्हणते.

आता दीड वर्षं झालं, परत इन्फेक्शन नाही. दुकान पण बदललं, नव्या ठिकाणी बाथरूम खालीच आहे आणि कडी आहे, इंटरव्ह्यूला गेले तेव्हा पगाराच्या आधी तेच बघून घेतलं. जुनी किल्ली परत द्यायला आलते तर तुम्ही घेतली नाही, म्हणालात माझ्या जागी जी आलीय तिला दे. तिला दिली. तिनं पलीकडच्या चप्पलच्या दुकानातल्या दोघींना सांगितलं, आता पाच जणी येतात म्हणे. फिनेल आणि झाडू पाळीपाळीनं आणायचा असं मी त्यांना बजावलंय, तुमचं पाण्याचं बिल वाढलं असणार ते तुम्ही सांगणार नाही, म्हणून दिवाळीत सगळ्या मिळून देणार आहोत, तेव्हा तोंड वाकडं करायचं नाही.

आणि हो, त्या पट्टीचा राणी कलर पार विटलाय. दुकानातली ती नवी पोरगी म्हणत होती किल्ली दोनदा हरवता हरवता राहिली. मोरपंखी असली तर तसली एक लावून ठेवा, शनिवारी येते.