मनोरुग्णालयांच्या दाखल-नोंदवह्या कायम जतन कराव्यात

मा. संपादक, स. न. वि. वि.

घरातल्या एखाद्या माणसाला कधीकाळी ‘येरवड्याला ठेवलं’ (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) आणि नंतर त्याचं नावही घरात निघेनासं झालं, अशी कुटुंबं आपल्याकडे पुष्कळ आहेत. आता नातवंडं त्याचा माग काढू लागली, की पहिल्यांदा केसपेपर मागतात आणि तिथेच अडतात. केसपेपर क्रमांकाने लावलेले असतात, आणि तो क्रमांक दाखल-नोंदवहीतच सापडतो. म्हणून आधी ती वही.

1912 चा ल्युनसी (मनोरुग्णांविषयीचा) कायदा 1993 पर्यंत लागू होता. नातेवाइकांनी दाखल केलं असेल, तर त्या कायद्यानुसार मॅजिस्ट्रेटचा आदेश आणि दोन डॉक्टरांचे दाखले लागत. सोबत एक तपशीलपत्रक असे: वय, लग्न झालं की नाही, जात-धर्म, धंदा, आधीचा पत्ता, हयात जवळचे नातेवाईक, आजाराचा पहिला झटका कितव्या वर्षी, कारण काय वाटतं, फेफरं येतं का, दारू-अफू-गांजाची सवय आहे का, घराण्यात आणखी कोणाला हा आजार आहे का. माणसाची एवढी माहिती नंतरच्या कागदांत क्वचितच मिळते. ते पत्रक हाती लागलं तर निम्मं काम झालंच.

पोलिसांनी रस्त्यावरून आणलेल्यांचं मात्र कठीण. नाव हवालदाराला ऐकू आलं तसं लिहिलेलं, वय अंदाजे, गाव बहुधा कोरं. तिथे नावाच्या मागे न लागता तारीख आणि पोलीस ठाणं धरून शोधावं. बायकांची नोंद माहेर आणि सासर, दोन्ही नावांनी पाहावी.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथली असते. शेवटच्या आजारात रुग्णाला ससून रुग्णालयात हलवलं असेल, तर येरवड्याच्या पत्त्यावर कितीही शोधलं तरी ती सापडणार नाही. शिवाय मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. ते रुग्णालयाच्या कागदांतच पाहावं लागतं. गावच्या फेरफारातल्या (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीतल्या) मृत्यूच्या तारखेवर तर विसंबूच नये. सात वर्षं ठावठिकाणा नसलेला माणूस कायद्याने मृत मानता येतो. त्यामुळे वारसनोंद होऊन गेलेला माणूस प्रत्यक्षात रुग्णालयात जिवंत असू शकतो.

माहिती अधिकारात ‘संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहिलं, की खासगी माहिती म्हणून नकार ठरलेला. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, एकच विषय दीडशे शब्दांत मांडावा, अमुक ते अमुक सालच्या दाखल-नोंदवहीतली नोंद पाहायला मागावी आणि नात्याचा पुरावा जोडावा. रुग्ण हयात असेल, तर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 25 नुसार स्वतःच्या नोंदी मिळवण्याचा हक्क त्याचा आहे. अशा वेळी त्याला वगळून कागद मागणं मला अनुचित वाटतं.

हे सगळं त्या वह्या शाबूत असतील तरच. जुना कागद हाताळताना कडेने तुटतो, बांधणी सुटते, पहिली-शेवटची पानं गळतात, आणि सालं नेमकी त्याच पानांवर असतात. आरोग्य विभागाने सर्व मनोरुग्णालयांच्या दाखल, मुक्तता आणि मृत्यू नोंदवह्या ‘अ’ वर्गात, म्हणजे कायम ठेवायच्या अभिलेखांत घालाव्यात, स्कॅन कराव्यात आणि क्रमांक, नाव, गाव व तारीख एवढीच सूची पुराभिलेख संचालनालयाकडे द्यावी. केसपेपर गोपनीयच राहावेत. सूचीतली नोंद मात्र नातं सिद्ध करणाऱ्याला विनासायास पाहता यावी.

— एक अभिलेख-अभ्यासक, पुणे