जर्मनीचे बारा लाख आणि सोसायटीचा हप्ता

संपादक महोदय,

व्हीटीयूचे, म्हणजे आपल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाचे, निकाल लागले की ‘जर्मनीत मोफत शिक्षण’ अशा जाहिराती आपल्या पेपरात दिसू लागतात. जाहिराती छापण्याबद्दल माझी तक्रार नाही. पेपर चालवायचा तर त्या लागतातच. पण जाहिरातीत न छापलेला हिशेब पुढे आमच्या काउंटरवर येतो, म्हणून हे पत्र. मी वडगावातल्या एका क्रेडिट सोसायटीत कर्ज विभाग सांभाळतो.

मध्यंतरी येळ्ळूरचे एक शेतकरी आले. पिशवीत जमिनीचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, दोन जामीनदारांची आधार कार्डं. म्हणाले, “पोरगा जर्मनीला जाऊलालाय. फी काय न्हाई म्हणे, बारा लाख नुसतं ठेवायचं हाय.” पोरगा मागे उभा होता. मेकॅनिकल झालेला, उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेला, चुणचुणीत. पण हे पैसे कुणाकडे ठेवायचे आणि परत कधी मिळणार, हे त्यालाही एजंटाने धड सांगितलेलं नव्हतं.

ते इथे सांगतो. ही रक्कम फी नव्हे. विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च निघेल याची खात्री जर्मन सरकार व्हिसाआधी मागतं. सध्या ती ११,९०४ युरो आहे. पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये विद्यार्थ्याच्याच नावावर राहतात. तिकडे पोचून बँकेत खातं उघडलं की दरमहा ९९२ युरो सुटतात. व्हिसा नाकारला गेला तर रक्कम परत मिळते. म्हणजे पैसे बुडत नाहीत, पण खर्च होतात. खोलीभाडं, जेवण, महिन्याला दीडशे युरोच्या घरातला आरोग्य विमा. घरात टीव्ही नसला तरी घरटी महिना १८.३६ युरो प्रसारण शुल्क. वर्ष संपलं की खातंही संपलं, आणि मास्टर्स असतं साधारण दोन वर्षांचं. एजंट म्हणतो, पार्टटाइम करेल. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा कायद्याने आहे हे खरं. पण जर्मन बोलता आलं नाही तर ते काम मिळवताना कसा फेस येतो, ते माग्डेबुर्गला असलेल्या माझ्या पुतण्याला विचारा. शिवाय घरमालक तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागू शकतो, ते या ९९२ मधून कसं भागणार? ऑक्टोबरात सेमिस्टर सुरू होतं आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास तेच वडील पुन्हा आमच्या दारात येतात, या वेळी बायकोच्या पाटल्या घेऊन. आणि सरसकट ‘मोफत’ही खरं नाही. बाडेन-व्यूर्टेंबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. खासगी विद्यापीठांची तर गोष्टच निराळी.

माझा खरा मुद्दा कर्जाचा आहे. बँकेच्या शैक्षणिक कर्जात शिक्षण संपून साधारण वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही, जुन्या करप्रणालीत राहिलं तर व्याजावर आयकरात सवलतही मिळते. आमच्या कर्जाचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून. मुलगा अजून विमानातही बसलेला नसतो आणि बाप दुधाच्या बिलातून हप्ता भरायला लागतो. तरी लोक आमच्याकडे येतात, कारण शेतजमीन बँका शैक्षणिक कर्जाला सहसा तारण घेत नाहीत, आणि येळ्ळूर, धामणे, सांबऱ्याच्या माणसाकडे जमिनीशिवाय दुसरं असतं काय? एजंटालाही घाई असते. सोसायटीत आठवड्यात काम होतं, बँकेत कागद नीट लागतात. मी येळ्ळूरच्या त्या गृहस्थांना आधी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून बँकांकडे अर्ज करायला पाठवलं. गिऱ्हाईक घालवलंस म्हणून आमच्या मॅनेजरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट. आपली बरीच मुलं नातेवाइकांच्या ओळखीने पुण्याच्या, कोल्हापूरच्या एजंटांकडे कागद देतात आणि ते सवयीने मुंबईच्या जर्मन वकिलातीचं बोलतात. कर्नाटकचा रहिवासी जर्मन व्हिसासाठी बंगळूर वकिलातीच्या हद्दीत येतो. सीमाप्रश्न त्यांना विचारून काही होणार नाही! व्हिसाच्या अर्जाआधी पदवीच्या कागदांची एपीएस या जर्मन दूतावासाच्या केंद्राकडून तपासणी करून घ्यावी लागते. ती भारतीयांना सक्तीची झाली तीही १ नोव्हेंबर २०२२ पासून. नेमका आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन.

बेळगाव-खानापुरात सोसायट्यांची कमी नाही. सर्वसाधारण सभेत सभासदाला स्टीलचा डबा नाहीतर भिंतीवरचं घड्याळ मिळतं, लाभांश जाहीर होतो, फोटो पेपरात येतो. त्याच सभेत एक ठराव करता येईल: परदेशी शिक्षणाच्या कर्जावर अभ्यासक्रम संपेपर्यंत फक्त व्याज घ्यायचं, मुद्दलाचे हप्ते नंतर. आणि सगळे बारा लाख एकदम न देता, बँकेने दिल्यावर जे कमी पडेल तेवढंच द्यायचं. प्रवेशपत्र पाहिल्याशिवाय तर एक रुपयाही नको. एजंटाच्या लेटरहेडला प्रवेशपत्र समजून आलेले अर्ज माझ्या टेबलावर आहेत. आमच्या चेअरमनांना हे तोंडी सांगितलं, “सभेत बघू” म्हणाले. सभा सप्टेंबरात आहे. इतर सोसायट्यांच्या सभासदांनीही आपापल्या सभेत हा विषय लेखी द्यावा, सभेच्या आधी, म्हणजे विषयपत्रिकेवर घेता येईल.

नोकरीत आहे, त्यामुळे नाव छापू नये ही विनंती.

आपला एक वाचक,
वडगाव, बेळगाव