शनिवारी सातला लॅबचा मुलगा येईल

ती. आई-बाबांना सा. न.

रागावू नका, पण शनिवारी सकाळी सातला रक्त घ्यायला लॅबचा मुलगा घरी येतोय. पैसे भरून झालेत. आधी विचारलं असतं तर बाबा "दिवाळीनंतर बघू" म्हणाले असते, आणि अशा दिवाळ्या बऱ्याच झाल्या. सातचीच वेळ मागून घेतली, म्हणजे बाबांचा चहा लांबणार नाही. आदल्या रात्री नऊच्या आत जेवून घ्या, पाणी हवं तेवढं प्या.

घाई का, ते सांगते. माझ्या तपासणीत लायपोप्रोटीन-ए ९२ निघालं. ५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते जास्त धरतात, आणि जास्त असलं की हृदयाच्या झटक्याचा धोका वाढतो. मी ठणठणीत आहे, आई, लगेच देवासमोर बसू नकोस. हे एलडीएल कोलेस्टेरॉलसारखंच असतं, त्याला आणखी एक प्रथिन चिकटलेलं. किती असणार ते बहुतेक जन्मतःच ठरतं; तूप सोडून किंवा चालून फारसं हलत नाही. तेव्हा तुझ्या फोडणीचा यात काही दोष नाही. कुणाकडून आलं हेही मला शोधायचं नाहीये. नानाकाका आठवले, एवढंच. आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुतेकांना पुरतं, आणि जास्त निघालं तर डॉक्टर एलडीएल आणखी खाली ठेवायला सांगतात.

आता बाबा, कोलेस्टेरॉलची गोळी. बंद केल्याचं मला कुणी सांगितलं ते विचारू नका, आईला तर मुळीच नको. एलडीएल ६८ आलं ते गोळी चालू होती म्हणून. साखर असलेल्या माणसाने ती आपल्या मनाने सोडायची नसते. पाय दुखतात म्हणून सोडली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते मात्रा कमी करतील नाहीतर गोळी बदलतील. आणि खोकला अजून असेल तर एचएस-सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, नंतर करू, साध्या सर्दीनेही तो आकडा वाढतो.

लहानपणी इंजेक्शनच्या वेळी तुम्ही मला भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी शोधायला लावायचात. सापडेपर्यंत सुई टोचून झालेली असायची. शनिवारी आईने तुम्हाला संकष्टी शोधायला लावावी.

आई, तूही हात पुढे करायचा. पाळी गेल्यावर बायकांचंही एलडीएल वाढतं. आणि जबडा, पाठ दुखून घाम फुटला, दम लागला, तर ओवा चावत बसायचं नाही. १०८ ला फोन. बाबांनी स्कूटर काढायची नाही. शनिवारचा रिपोर्ट चांगला आला तरी हेच. हृदयाचा झटका आलाय का ते रक्तातल्या ट्रोपोनिनवरून कळतं, ती तपासणी दवाखान्यात होते, कधीकधी काही तासांनी पुन्हा करावी लागते.

रिपोर्ट माझ्याकडे येईल. तो फॅमिली ग्रुपवर टाकू नका, मामा लगेच लसणाचा काढा पाठवेल. बुधवारी डॉक्टरांकडे दादा गाडीने नेईल. डबा करत बसू नकोस, येताना बाबांना इडली खाऊ घाल.

तुमची,
मनू