कोपराने उठवणाऱ्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, त्याची आता लाज वाटते. ११ दिवस रोज सकाळी तुम्ही मला उठवलंत आणि मी नुसतं मावशी मावशी करत राहिले. आयसीयूच्या बाहेर जिन्याजवळच्या खुर्चीत तोंडावर ओढणी घेऊन झोपायची ना, ती मी. आता आठवलं असेल.

बाबा आत व्हेंटिलेटरवर होते. आणि बाहेर जिन्यावर उंच तो दुसरा व्हेंटिलेटर, भिंतीतला, त्याला पत्र्याची जाळी. रंगवणाऱ्याने ती इतकी निष्काळजीपणे रंगवलेली की बहुतेक भोकं बुजलेली, उघडी राहिली फक्त ७. मला हे तुमच्यामुळे कळलं, नाहीतर मी त्या जिन्याकडे मान वर करून कधी बघितलंच नसतं, माझी नजर सतत आयसीयूच्या दारावर, दार उघडलं की पोटात गोळा.

पहिल्या दिवशी तुम्ही फरशी पुसत होतात, मला वाटलं पाय वर घ्या म्हणताय, म्हणून घेतले. तर म्हणालात, "तसं नाही ताई, आलेत बघा." समोरच्या भिंतीवर ७ कवडसे. पिवळे, गोल, कडा जराशा हलल्यासारख्या. तुम्ही दोन मिनिटं पुसणं थांबवलंत, मग ते फिके व्हायला लागले तशी बादली उचलून गेलात. बास एवढंच. ना धीर दिलात, ना पेशंट कोण, काय झालंय, वय काय.

पण मला खरं आभार मानायचेत ते कोपराचे. तुमचे हात फिनाईलच्या पाण्याने ओले असायचे म्हणून तुम्ही कोपराने माझ्या खांद्याला हळूच लावायचात. त्या ११ दिवसांत लोकांनी मला बरंच काही केलं, म्हणजे सह्या घेतल्या, फाईल हातात कोंबली, बाजूला व्हा म्हणाले. पण आपला ओला हात हिला लागू नये एवढा विचार करून कुणी मला हात लावला नाही. मी नंतर घरी कपडे धुताना स्वतःच्या ओल्या हातांकडे बघून रडले, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

आमच्या नातेवाइकांचं काय सांगू. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी उगवत्या सूर्याचा फोटो, खाली सुप्रभात, पॉझिटिव्ह राहा, सकारात्मक विचार करा. एकजण भेटायला आले ते सात मिनिटं थांबले, त्यात दोन फोन घेतले आणि जाताना मला म्हणाले, तू आता खंबीर व्हायला हवं. अरे, मी रात्रभर लोखंडी खुर्चीत बसून आहे, अजून किती खंबीर! सूर्याचे फोटो त्या ग्रुपवर शंभर आले असतील, खरा सूर्य दाखवला तो तुम्ही, तोही ड्युटी सांभाळून, मुकादम बघतोय का याच्यावर एक डोळा ठेवून.

एक दिवस ढग होते. त्याच्या आदल्या रात्री डॉक्टर नुसतं "बघू" म्हणून गेलेले, आणि ते बघू कसलं असतं ते ज्याला माहीत त्याला माहीत. तरी तुम्ही कोपर लावलंत. भिंत कोरी. "आज सुट्टी त्यांना," म्हणालात आणि तरीही दोन मिनिटं माझ्यासोबत त्या कोऱ्या भिंतीकडे बघत उभ्या राहिलात. मला वाटतं त्या दिवशी मी तरले.

नळी काढल्यावर बाबांना आवाज नव्हता, पण मी हे सगळं सांगितलं. ते विज्ञानाचे मास्तर, रिटायर. दोन दिवसांनी आवाज फुटला तेव्हा पहिलं वाक्य काय, तर "भोकं चौकोनी होती का?" म्हटलं असतील, का? म्हणाले, चौकोनी भोकातूनही कवडसा गोलच पडतो, कारण तो भोकाचा आकार नसतो, सूर्याचं चित्र असतं. ४ मीटरवरच्या भिंतीवर साधारण पावणेचार सेंटीमीटरचा सूर्य. सूर्यग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे दिसतात. धाप लागत होती तरी बोलत होते. नर्स रागावली. म्हणजे मावशी, तुम्ही मला रोज ७ सूर्य दाखवत होतात.

आणि हो, नंतर वाचलं की १९८४ मध्ये रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने पित्ताशयाच्या ऑपरेशनचे पेशंट तपासले होते, २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसायची, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली. ते पेशंटचं झालं. बाहेर खुर्चीत बसलेल्यांचं कोण मोजणार? तुम्ही मात्र काहीही न वाचता बरोब्बर ओळखलंत.

मागच्या आठवड्यात बाबांचं रक्त तपासायला द्यायला सकाळी लवकर आलो होतो. बाबा चालत आले, काठी घेऊन. तुमची ड्युटी दुसरीकडे लागलीय असं तिथले लोक म्हणाले, कुठे ते कुणालाच नीट सांगता येईना. आम्ही दोघं जिन्याशी उभे राहिलो. भोकं चौकोनीच आहेत, बाबा खूश. पण कवडसे मोजले तर ६. सूर्य रोज थोडा सरकून उगवतो, त्यामुळे सातवा नोटीस बोर्डाच्या आड गेला असेल असं बाबांचं म्हणणं. तुम्ही परत त्या मजल्यावर आलात तर जरा बघून ठेवा, पुढच्या महिन्यात आम्ही येतोय.