सर्व्हरचा केशरी दिवा आणि चुकीची डिस्क

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेली बारा वर्षं मी तालुक्याच्या गावांमधल्या पतसंस्था, छोटी हॉस्पिटलं यांचे सर्व्हर सांभाळतो. मागच्या महिन्यात एका पतसंस्थेत जे झालं ते दुसरीकडे कुठे होऊ नये म्हणून हे पत्र लिहितोय.

त्यांच्या सर्व्हरमध्ये चार टीबीच्या चार डिस्क, रेड फाइव्ह लावलेलं. रेडची कल्पना १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली, एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क एकत्र जोडायच्या. रेड फाइव्हमध्ये एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, दुसरी गेली की सगळं बसलं. आणि हे "चालू राहतं" हेच घात करतं. इथे एक डिस्क गेल्यावर कंट्रोलर, म्हणजे या सगळ्या डिस्क सांभाळणारं कार्ड, बीप-बीप करायला लागला, काउंटरवर काही ऐकू येईना म्हणून कुणीतरी अलार्म बंद केला, आणि पुढच्या पॅनलवरचा केशरी दिवा तीन आठवडे तसाच पेटलेला, कुणी मला फोनसुद्धा केला नाही.

नवी डिस्क आली तेव्हा मी बाहेरगावी होतो. तिथल्या पोराला फोनवर सांगितलं, "स्लॉट दोनची काढ." स्लॉट म्हणजे डिस्क बसते तो खण. कंट्रोलर शून्यापासून मोजतो, म्हणजे स्लॉट दोन ही डावीकडून तिसरी डिस्क, हे मी सांगायलाच हवं होतं, चूक माझीच. मेलेल्या डिस्कचा दिवा पूर्ण विझलेला होता, त्यामुळे बघूनही कळेना, त्याने दुसरी ओढली. चांगली डिस्क बाहेर. सॉफ्टवेअर बंद, काउंटरवर रांग.

पोरगा इतका घाबरला की स्क्रीनवर 'इनिशिअलाइझ' (म्हणजे डिस्क पुसून नव्याने मांडणं) दिसलं ते दाबायला निघाला होता, नशीब त्याआधी फोन केला. म्हटलं काही म्हणजे काही दाबू नको, ओढलेली डिस्क त्याच खणात परत सरकव आणि सर्व्हर बंद करून चालू कर. ती 'फॉरेन', म्हणजे परकी म्हणून दिसली, तिच्यावरची रेडच्या मांडणीची नोंद कंट्रोलरमध्ये परत घेतली (कॉन्फिगरेशन इम्पोर्ट) आणि अ‍ॅरे, म्हणजे जोडलेल्या डिस्कचा संच, परत उभा राहिला. मग मेलेली काढून नवी घातली, रीबिल्ड सुरू, म्हणजे बाकीच्या डिस्क वाचून मेलेलीचा डेटा नवीवर परत तयार करणं. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तरी चार टीबीला अकरा तास लागतात, त्यात बाकीच्या तीन डिस्कचे १२ टीबी पूर्ण वाचावे लागतात. साध्या डेस्कटॉप डिस्कला साधारण साडेबारा टीबी वाचल्यावर एखादी जागा वाचता न येणं कंपनीच धरून चालते, त्यामुळे ते अकरा तास माझ्या जिवात जीव नव्हता.

डेटा वाचला, पण मधेच बंद पडल्याने डेटाबेस बिघडला आणि त्या दिवसाच्या पिग्मीच्या नोंदी गेल्या. बॅकअप विचारला तर म्हणे ई ड्राइव्हवर आहे. ई ड्राइव्ह म्हणजे त्याच चार डिस्क! शेवटी पिग्मी एजंटांच्या पावत्या घेऊन बसलो आणि एकेक नोंद हाताने भरली. दिवसाला पन्नास-शंभर रुपये टाकणाऱ्या भाजीवाल्या मावशींचा पैसा आहे हो तो.

संचालक मंडळींना हात जोडून विनंती, सर्व्हर बीप करायला लागला की आवाज बंद करण्याआधी माणूस बोलवा. अलर्टचा ईमेल निदान दोघांना जाऊ द्या. डिस्क काढण्याआधी कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधून तिचा दिवा ब्लिंक करून घ्या आणि सिरियल नंबर जुळवा. बदलीची डिस्क त्याच प्रकारची हवी, सास आणि साटा हे डिस्क जोडायचे दोन प्रकार, सास असेल तर सास, साटा असेल तर साटा, आणि साइज तेवढी किंवा जास्त. आणि रेड म्हणजे बॅकअप नाही, बॅकअप दुसऱ्या मशीनवर, जमल्यास दुसऱ्या इमारतीत.

त्या पतसंस्थेत आता चारही ट्रेवर ०, १, २, ३ असे स्टिकर लावलेत, आणि तिजोरीशेजारच्या कपाटात एक सीलबंद डिस्क ठेवलीय, मॅनेजरसाहेबांनी तिच्यावर स्वतःच्या हाताने तारीख घातलीय.

आपला,
एक सर्व्हर मेंटेनन्सवाला