पोस्टातले पैसे मोडू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, "पोस्टातले पंधरा लाख काढतो, तेवढं कर्ज कमी कर," असं तुम्ही फोनवर म्हणालात आणि मी काही बोलायच्या आत आईनं फोन घेऊन "दुसऱ्याच्या पडक्या घरात पैसे कशाला घालता" हे सुरू केलं. दोघांनाही उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून हे पत्र. तसंही एसटीच्या हिशेब खात्यात जन्म काढलेल्या माणसाला आकडे तोंडी सांगून पटत नाहीत.

आधी पोस्टाचं. ज्येष्ठ नागरिक योजनेत तुम्ही २०२३ साली ८.२ टक्क्यांनी पैसे ठेवलेत आणि पाच वर्षं तो दर हलत नाही. मिरजेत मी घेतलेल्या जुन्या घराचं कर्ज साडेआठ टक्क्यांचं. फरक ०.३ टक्क्यांचा, म्हणजे पंधरा लाखांवर वर्षाला ४,५०० रुपये. तेवढ्यासाठी मुदतीआधी खातं बंद केलंत की पोस्ट मुद्दलातून एक टक्का, १५,००० रुपये कापून घेणार. आणि दर तिमाहीला येणारे ३०,७५० बंद. ते आले की औषधं, वाणी, आईचे उपासतापास सगळं सुरळीत चालतं हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणी हा हिशेब आणला असता तर तुम्हीच त्याला हाकलून दिलं असतं.

आता घराचं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली वानलेस साहेबांनी इथं मिशनचा दवाखाना काढला, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, आणि आज बेळगाव-विजापूरकडचे पेशंटही इथंच येतात. मी लॅबमध्ये रोज बघते. नर्सिंगच्या मुली, शिकाऊ डॉक्टर, टेक्निशियन, सगळे खोली शोधत असतात. नव्या इमारती शहराबाहेर आणि रात्रपाळी संपल्यावर रिक्षा मिळत नाही. चालत जाता येईल अशी स्वच्छ खोली म्हणजे त्यांना देव भेटल्यासारखं. तुमचे जावई म्हणाले, मग खोल्याच करू. फ्लॅटचाही विचार केला होता. पण सांगलीत पंचेचाळीस लाखांच्या फ्लॅटला महिना बारा हजार भाडं येतं, म्हणजे तीन टक्क्यांच्या थोडं वर. साडेआठनं कर्ज काढून तीन टक्के कमवायचे हे मला झेपणारं नाही.

घर बघायला गेलो तेव्हा भिंती, कौलं वगैरे नंतर. आधी शेजारच्या आजींना विचारलं, २०१९ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं? २०२१ ला? कृष्णा घाटाकडची घरं पाण्यात होती, या गल्लीत पाणी आलं नाही, असं तिघांनी वेगवेगळं सांगितलं तेव्हा पुढचं बोलले. एजंट याबाबतीत काहीही सांगतो.

मग कागदपत्रं. यात पाच महिने गेले, आणि आई, तुला जो उशीर वाटत होता तो हाच. मिळकत पत्रिकेवर अजून विकणाऱ्यांच्या आजोबांचं नाव. वारस चौघं, त्यात दोन बहिणी, एक मुंबईला, एक हुबळीला. भाऊ म्हणायचे, "बहिणींचं काय, त्या हो म्हणतील." मी म्हटलं, मग सहीही करतील. नगर भूमापन कार्यालयात वारसांची नोंद झाल्याशिवाय इसार द्यायचा नाही असं ठरवलं होतं आणि त्यावरून एकदा व्यवहार मोडायलाही आला. वकिलांनी मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च काढला, पेपरात नोटीस दिली. पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, एक शिंपीकाका जुने भाडेकरू होते. भाडं महिना दीडशे, पावत्या जपून ठेवलेल्या. त्यांच्याशी जे काय द्यायचं-घ्यायचं ते मालकांनी करावं आणि जागा रिकामी करून द्यावी, ही अट मी शेवटपर्यंत सोडली नाही. जुन्या भाडेकरूला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असावंही. पण त्याच्यासकट घर घेतलं की मी नुसती नावाची मालकीण. काका आता स्टेशन रोडला बसतात. माझी ब्लाउजं अजून तिथंच जातात.

खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर का, जावयांचं नाव का नाही, असं बाबा, तुम्ही दोनदा विचारलंत. भांडण नाही काही. खरेदी फक्त बाईच्या नावावर असली की मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. बत्तीस लाखांवर बत्तीस हजार झाले. नोंदणी फी तीस हजारांच्या वर जात नाही, ती भरली.

बँकेची गंमत सांगते. एका बँकेनं मातीच्या भिंती म्हटल्यावर फाइलच परत दिली. दुसरीचा मूल्यमापक आला, जागा मोजली, भिंतीवर टिचकी मारली आणि बांधकामाला जवळजवळ शून्य किंमत लावली. म्हणून कर्ज बावीस लाखच मिळालं, आणि घर जुनं म्हणून मुदतही पंधरा वर्षंच. हप्ता महिना २१,७०० च्या आसपास. दुरुस्तीचे अकरा लाख आमच्या साठवणुकीतले. यात लपवण्यासारखं काही नाही, पासबुक दाखवीन.

आणि आई, "पडकं" म्हणू नकोस गं. पाया काळ्या दगडाचा आहे, वर पांढऱ्या मातीची दोन फूट जाड भिंत, सागाच्या तुळया. बिघडवलं ते नंतरच्या लोकांनी. साधारण वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला. जमिनीतून ओल वर चढते, मातीची भिंत ती हवेत सोडते. सिमेंटनं तिचं तोंडच बंद केलं. ओल आतच राहिली, गिलावा फुगून पापुद्रे निघाले, आणि ओलीमागून वाळवी वाशांपर्यंत गेली. आमचे गवंडी वयस्कर, तुमच्याएवढे असतील बाबा. भिंतीला हात लावून म्हणाले, "ताई, हे सगळं उतरवायचं. चुना लावायचा." तरुण ठेकेदार सगळे म्हणत होते की पाडा आणि आरसीसी उभं करा. पाडलं असतं तर नवी परवानगी, सोडावी लागणारी मोकळी जागा, आणि खर्च किमान तिप्पट. मी गवंड्यांचं ऐकलं. चुना भिजत घातला, मुरवला, गिलावा केला. वाळायला वेळ फार लागतो. पावसाळ्यात तर बघत बसायचं. पण यंदा भिंती कोरड्या राहिल्या.

छताचे निम्मे वाशे बदलले, मंगलोरी कौलं धुऊन फुटकी तेवढी नवी टाकली. उंची वाढवली नाही, भिंत बाहेर सरकवली नाही. वायरिंग सगळं उपसून काढलं. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरी होत्या आणि अर्थिंग नावाची गोष्टच नव्हती. मुली ओल्या केसांनी इस्त्री लावणार, तिथं काटकसर करायची नाही असं मी ठरवलं. झटका जिवावर बेतायच्या आत वीज तोडणारं ब्रेकर लावलंय आणि प्रत्येक खोलीला वेगळा सबमीटर. लाइट बिलावरून होणारी भांडणं मी हॉस्टेलात असताना पुष्कळ बघितलीत. सगळ्यात जास्त पैसे गेले दोन न्हाणीघरं आणि ड्रेनेजमध्ये. ते कुणाला दिसत नाही.

आता बाबा, तुमचा भाग. खाली दोन खोल्या एका कुटुंबाला ७,५००. वर तीन खोल्या, खोलीत दोघी, प्रत्येकी ३,०००, म्हणजे १८,०००. सुट्टीत मुली गावी जातात म्हणून वरचे दहाच महिने धरले, खालचे अकरा. एकूण २,६२,५००. घरपट्टी ९,००० आणि किरकोळ दुरुस्ती १५,००० वजा केली तर उरले २,३८,५००. हप्ते वर्षाचे २,६०,४००. म्हणजे वर्षाला बावीसेक हजार पदरचे घालावे लागतील. घर आपणहून कर्ज फेडतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, निदान सुरुवातीला तरी. पण त्याच हप्त्यात पहिल्या वर्षी पंचाहत्तर हजारांच्या आसपास मुद्दल फिटतं, ते आपलंच आहे.

कराचं तुम्ही विचाराल. भाड्यातून घरपट्टी वजा, मग उरलेल्यावर सरसकट तीस टक्के वजा, मग कर्जाचं व्याज. पहिल्या वर्षी व्याजच एक लाख चौऱ्याऐंशी हजार, त्यामुळे भाड्यावर कर पडत नाही. पगारातून काही वजा होईल ही आशा नाही, मी नव्या करपद्धतीत आहे. दुरुस्तीच्या पावत्या मात्र चपलेच्या खोक्यात सगळ्या ठेवल्यात. त्या भाड्याच्या हिशेबात चालत नाहीत, तीस टक्क्यांत सगळं आलं. पण कधी घर विकलं तर यातला घर सुधारण्याचा खर्च किमतीत धरता येतो.

आई, आषाढीला आपल्या ओसरीवर वारकरी उतरायचे आणि तू कुणाकडून एक पैसा घेतला नाहीस, हे मी विसरलेले नाही. "भाडं मागताना जीभ वळेल का तुझी?" असं तू विचारलंस ते म्हणूनच. वळेल. या पोरी शिकून पगार घेणार आहेत आणि खोलीचे पैसे देऊन ताठ मानेनं राहणार आहेत. घरी कुणाचं आजारपण निघालं आणि एखादीला महिना पुढेमागे झाला तर बघू.

करार अकरा महिन्यांचा, लीव्ह अँड लायसन्स, आणि तो नोंदवणारच. नोंदवायची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे, भाडेकरूवर नाही. "अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही" असं इथं अजूनही लोक बिनधास्त सांगतात. कराराचा मसुदा सोबत आहे. वकिलांनी सगळीकडे चालणारा छापील दिलाय. डिपॉझिटमधून काय काय कापायचं ते सातवं कलम मला फार मोघम वाटतं, उद्या भांडण झालं तर ते तिथूनच होईल. पैशांऐवजी तेवढं बघून द्या. लाल पेनानं खुणा करून पोस्टानं परत पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नको, तुमचं अक्षर त्यात लागत नाही.

तुमची,
ताई