ऋणनिर्देशात राहून गेलेलं नाव

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या बारा वर्षांत माझे एकोणीस शोधनिबंध छापून आले. प्रत्येकाच्या शेवटी ऋणनिर्देशाच्या चार ओळी आहेत. पैसे देणाऱ्या खात्याचं नाव, मंजुरी क्रमांक, रेणूची रचना दाखवणारी एनएमआर चाचणी करून देणारी प्रयोगशाळा, एकदा तर तडकलेलं कंडेन्सर रातोरात जोडून देणारे ग्लासब्लोअर मामासुद्धा. आपल्या विद्यापीठाच्या प्रकल्प कक्षात बसून माझ्या प्रकल्पांचे हिशेब आणि कागद सांभाळणाऱ्या तुम्ही मात्र एकाही निबंधात नाही. परवा जुनी फाइल शोधताना तुमच्या अक्षरातली चिठ्ठी सापडली, "सर, बिलाची तारीख बघावी", आणि हे ध्यानात आलं. छापून झालेल्या निबंधांत आता काही घालता येत नाही, म्हणून हे उघड पत्र. नाव इथेही लिहीत नाही. लिहिलं असतं तर तुमचा पहिला प्रश्न असता की परवानगी कुणाची घेतली?

त्या चिठ्ठीची गोष्ट आधी सांगतो. जर्मनीतून नुकताच परतलो होतो. तिथे सॉल्व्हंट संपलं की यादीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी बाटली टेबलावर. पैसे कोण देतं हे विचारायची वेळच आली नाही. इथे पहिला प्रकल्प संपताना मी अडतीस हजारांची रसायनं घेतली, बिल ४ एप्रिलचं. प्रकल्पाची मुदत ३१ मार्चला संपलेली. तुम्ही फाइल परत पाठवलीत आणि ते पैसे माझ्या खिशातून गेले. "प्रकल्प कक्षात संशोधनाचे शत्रू बसतात" असं मी त्या संतापात विभागप्रमुखांना म्हणालो होतो. तुमच्यापर्यंत पोचलं असणारच, आपल्या विद्यापीठात काय पोचत नाही! तरी पुढच्या वेळी मी आलो तेव्हा तुम्ही खुर्ची पुढे सरकवलीत आणि म्हणालात, "आता आधी माझ्याकडे या, मग दुकानात जा." तेव्हापासून तसंच करत आलो.

पण हे पत्र खरं तर माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या हिंगोलीच्या त्या मुलामुळे लिहितोय. २०२१ साल. अनुदानाचा दुसरा हप्ता अडकलेला आणि त्याची फेलोशिप सात महिने थांबलेली. महिना ३१ हजार म्हणजे फार पैसे, असं बाहेरच्यांना वाटतं. सात महिने शून्य आले की मेसवाला काय बोलतो, ते त्याला विचारावं. मी दिल्लीला ईमेलवर ईमेल पाठवत होतो. उत्तर एकच, "प्रक्रिया सुरू आहे." तो तुमच्याकडे अनुभवाच्या दाखल्यावर सही घ्यायला आला, आणि हा मुलगा एमआयडीसीत नोकरी बघतोय हे तुम्ही ओळखलंत. मी त्याचा मार्गदर्शक, रोज त्याच्यासोबत चहा पिणारा, मला पत्ता नव्हता.

तुम्ही दोन दिवस कागद घेऊन बसलात. उपयोगिता प्रमाणपत्रातली (म्हणजे अनुदान कसं वापरलं याच्या दाखल्यातली) शिल्लक आणि खर्चाच्या पत्रकातली शिल्लक १,४१२ रुपयांनी जुळत नव्हती. बँकेने व्याज ३१ मार्चला जमा केलं होतं, आपल्या कॅशबुकात ते एप्रिलमध्ये चढलं होतं. एवढंच. या एका ओळीवर वर्षभराचं अनुदान अडलं होतं. तुम्ही स्वतः बँकेत जाऊन व्याजाचा दाखला आणलात, त्या प्रमाणपत्राचा जीएफआर १२-अ हा सरकारी नमुना नव्याने भरलात, सनदी लेखापालांची आणि वित्त अधिकाऱ्यांची सही एकाच दिवशी मिळवलीत. (दोघांच्या सह्या एका दिवशी! हा माझ्या कुठल्याही निबंधाहून मोठा शोध.) आणि हप्ता येईपर्यंत विद्यापीठ निधीतून तीन महिन्यांची रक्कम उचल म्हणून द्यावी, अनुदान आल्यावर वळती करावी, अशी टिपणी मांडलीत. त्या टिपणीतलं एक वाक्य मला पाठ आहे: "विलंबास विद्यार्थी जबाबदार नाही." नियमाच्या भाषेत इतकी माया बसते हे मला तोवर माहीत नव्हतं. मुलगा थांबला. आज तो पीएचडी आहे.

जीएसटीचं थोडक्यात. प्रयोगशाळेच्या एका यंत्राची मंजुरी आली तेव्हा संशोधन संस्थांना ५ टक्के असा सवलतीचा दर होता. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली आणि दर १८ टक्के झाला. वीस लाखांच्या यंत्रावर दोन लाख साठ हजारांचा खड्डा. मी यंत्रच रद्द करायला निघालो होतो. तुम्ही पुरवठादाराला बसवून वाढीव हमी आणि दोन जोडभाग वगळायला लावलेत, उरलेल्यासाठी खर्चाच्या एका हेडमधून दुसऱ्यात रक्कम वळवायची परवानगी मागितलीत. जोडभाग नंतर कधीच लागले नाहीत, हेही सांगून टाकतो.

कोकणातल्या त्या रसायन कंपनीच्या करारावर मात्र जरा रेंगाळतो. चौदा पानी इंग्रजी मसुदा. मी पैशाचा आकडा बघून सहीला तयार होतो. उद्योगाकडून आलेले पाच लाख म्हणजे विभागात मान असतो, आणि मान मिळत असला की माणूस कलमं वाचत नाही. तुम्ही पेन्सिलने तीन खुणा केल्यात. पाच लाख जीएसटीसह की सोडून? सह असेल तर ७६ हजार तिथेच गेले. निकाल छापायला कंपनीची संमती हवी, पण ती किती दिवसांत? मुदत लिहिलेली नाही, म्हणजे कधीच नाही. आणि काम सुरू होण्यापूर्वीच्या संशोधनाचीही मालकी कंपनीकडे का? "सर, हे तुमचं जुनं सोनं आहे, नव्या दागिन्याच्या पावतीवर कशाला देताय?" तिन्ही कलमं बदलली. संमतीसाठी साठ दिवस ठरले, त्यानंतर संमती गृहीत. कंपनीच्या माणसाने फारशी खळखळ केली नाही. तो म्हणाला, आम्हाला वाटलं तुमच्याकडे कुणी वाचत नाही.

त्याच कामातून उत्प्रेरकाचं पेटंट निघालं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात पोस्टर लावायचं ठरलेलं, छापूनही आलेलं. तुम्ही ते लावू दिलं नाहीत. शोध आधी जाहीर झाला की पेटंट धोक्यात येतं, म्हणून आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज, मग पोस्टर. पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात, घाई नाही. मी म्हटलं, कायद्यात अशा जाहीर वाचनाला सूट आहे ना? तुम्ही म्हणालात, "थोडी आहे, पण तिच्यावर विसंबू नका. आणि युरोपात अर्ज करायचा झाला तर तिथे तीही नाही." शैक्षणिक संस्थांसाठी शुल्क कमी झाल्याचंही तुमच्याकडूनच कळलं, आठ हजारांऐवजी सोळाशे. मुलं हिरमुसली होती, गुंडाळलेलं पोस्टर पुढच्या वर्षी लागलं.

अमेरिकेत संशोधन प्रकल्पांच्या प्रशासनाचं हे काम करणाऱ्यांची संघटना १९५९ पासून आहे. तिथे त्याचं शिक्षण असतं, बढतीचा मार्ग असतो. तुम्हाला परीक्षा विभागातून बदलीवर पाठवलं होतं, हे मला तुमच्या निरोप समारंभात कळलं. एक दिवसाचंही प्रशिक्षण नाही. जे शिकलात ते परिपत्रकं वाचून आणि आमच्या चुका निस्तरून. तुमच्या जागी आलेले गृहस्थ सज्जन आहेत, पण त्यांनाही तसंच पाठवलंय. त्यावर मी अर्ज केला आहे. उत्तर आलेलं नाही.

तुम्ही ३१ मेला निवृत्त झालात आणि लगेच जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशन न मागवता थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख केली. आपल्याला ती लागू आहे की नाही यावर सध्या इथे तीन जणांची तीन मतं आहेत. तुम्ही असतात तर एकच मत असतं, आणि त्याच्यामागे कुठल्या तरी परिपत्रकाचा क्रमांक.

शेवटच्या प्रकल्पाचं उरलेलं व्याज गेल्या आठवड्यात भारतकोष या केंद्र सरकारच्या भरणा संकेतस्थळावर भरलं. प्रकल्पाची मुदत संपायच्या आधी. चलनाच्या दोन झेरॉक्स काढल्या, मागे मंजुरी क्रमांक लिहिला. एक फाइलला लावली आणि एक तुमच्या सवयीप्रमाणे माझ्या कपाटात ठेवली.

आपला,
तुमच्या कक्षात सगळ्यात जास्त फाइली परत आलेला प्राध्यापक